वहिनींचा हललेला फोटो

"खोलीतला दिवा आधी बंद करा, वहिनी. नाहीतर फोटोत टाकीपेक्षा तुम्हीच जास्त दिसाल."

वहिनींनी उठून दिवा बंद केला. आता फक्त माशांच्या टाकीवरचा दिवा उरला. त्या उजेडात पाण्यातली हिरवळ दिसत होती, दगड दिसत होते आणि फोटो काढायला शिकवणाऱ्या दुकानदाराचं समाधानी तोंडही दिसत होतं. काचेत स्वतःचं प्रतिबिंब पडू नये म्हणून वहिनींनी कॅमेऱ्याभोवती काळं कापड धरलं. कॅमेरा नवा होता आणि हाताला अजून जडच लागत होता.

"सरळ धरा. काचेला तिरका धरलात की मासे धुरकट येतात."

"कळलं, भाऊजी."

भाऊजी म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचा जुना मित्र. त्याचं शोभेच्या माशांचं दुकान होतं, आणि नवऱ्याला पाण्यात बाग लावायचं वेड. अशा टाक्यांच्या फोटोंच्या मागच्या स्पर्धेत या मित्राने नवऱ्याच्या टाकीचा फोटो डावीकडचं उजवीकडे फिरवून स्वतःच्या नावाने पाठवला आणि पहिलं बक्षीस ढापलं. फोटो जसा काढला तसाच पाठवायचा, असा स्पर्धेचा नियम होता. पण कुणी तपासणार कसा?

नवऱ्याने आपली टाकी लगेच ओळखली. पण तोवर तिच्यातली बाग मोडून झाली होती आणि त्याच्याकडे पुरावा म्हणून काही नव्हतं. लोकांनी उलट त्यालाच जळकुकडा ठरवलं. त्यानंतर त्याने पाण्यात हात घातला नाही, जेवणावरून मन उडालं आणि वर्ष सरायच्या आत तो गेला.

वहिनींना त्याचा सूड हवा होता. न्याय वगैरे मोठे शब्द त्या वापरत नसत.

"आई, त्याच माणसाकडे शिकतेस?" मुलगी चिडून म्हणाली होती. "त्याचं तोंड तरी कसं बघवतं तुला?"

"त्याच्याकडूनच शिकणार आणि त्याच्याच स्पर्धेत त्याच्या नाकावर टिच्चून बक्षीस आणणार. तुझ्या बाबांची टाकी पुन्हा लावलीय मी ती उगाच नाही."

कधी शिकवणी घरी असायची, कधी दुकानात. दुकानात गल्ल्यामागे तो बक्षीस मिळालेला फोटो चौकटीत लावलेला होता. वहिनी त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत बसायच्या, कोपऱ्यातल्या दगडाकडे तर फारच. दुकानदाराला वाटायचं, बाईंना उजेडातलं काहीतरी कळायला लागलं. तो खूश होऊन आणखी दोन गोष्टी शिकवायचा.

टाकीत नवऱ्याच्या पिवळ्या गोगलगायी अजून होत्या. तो असताना एखादी उचलून वहिनींच्या तळहातावर ठेवायचा, टोक वर करून.

"बघ, तोंड उजवीकडे. या जातीत सगळ्यांचं वळण उजवंच. तुझ्यासारख्या मनाला येईल तिकडे वळत नाहीत."

"मग त्यांच्याशीच लग्न करायचं होतं," असं वहिनी म्हणायच्या आणि गोगलगाय हळूच पाण्यात सोडायच्या.

स्पर्धेसाठी फोटो काढायच्या दिवशी सकाळी वहिनींनी काकडीच्या चकत्या उकडून पुढच्या दगडाच्या फटीत खोचल्या. माशांचे एवढे लाड, मग गोगलगायींनी काय घोडं मारलंय? दुकानदार आला तोवर सगळ्या पिवळ्या गोगलगायी त्या दगडावर जमल्या होत्या.

"यांना काढू का, भाऊजी? मधेच दिसतात."

"छे, छे. हिरव्यावर पिवळा रंग काय खुललाय. राहू द्या."

वहिनींनी श्वास रोखून फोटो काढले. दुकानदाराने कॅमेऱ्यातलं कार्ड घेतलं, "माझ्या कॉम्प्युटरवर मोठे करून बघतो" म्हणाला आणि गेला. संध्याकाळी कार्ड परत घेऊन आला तेव्हा तोंड पाडलेलं होतं.

"सगळेच हललेत, वहिनी. पुसून टाकले मी. असे पाठवले तर लोक हसतील."

"पण मुदत तर आजच संपतेय."

"पुढच्या वेळी बघू. घाई कसली?"

"माझा हातच मेला थरथरतो," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी त्याला चहा दिला.

बक्षीस समारंभाला मुलगीच त्यांना ओढून घेऊन गेली. समोरच्या भिंतीवर पहिल्या क्रमांकाचा भलामोठा फोटो लावला होता, शेजारी मागच्या वेळचा पहिला फोटो. मुलीने आईचं मनगट घट्ट पकडलं.

"आई, आपली टाकी. पुन्हा फिरवलीय."

"दिसतंय मला."

"मग बोल ना. का अशी मुकाट उभी राहतेस?" मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुकानदाराने बक्षीस घेतलं आणि माइकवर दोन शब्द बोलला. "इथे आमच्या वहिनीही आल्यात. मीच शिकवतोय त्यांना. बसेल हळूहळू हात." लोकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. वहिनींनीही वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर त्या परीक्षकबाईंकडे गेल्या. बाईंचा सगळा जन्म कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात गेला होता.

"बाई, त्या दगडावरच्या गोगलगायी जरा जवळून बघता?"

परीक्षकबाईंनी चष्मा लावला आणि त्या फोटोवर वाकल्या. बराच वेळ वाकून होत्या.

"यांचे शंख डावीकडे वळलेत," त्या शेवटी म्हणाल्या. "या जातीत असं होत नाही. लाखात एखादी निघते. इथे तर झाडून सगळ्या."

"सुलट्या बघायच्या असतील तर आमच्या घरी चला. दगडही तोच आहे."

दुकानदार बक्षीस छातीशी धरून जवळ आला होता. तो तिथेच थांबला.

"एकच असती तर कुणी मानलं नसतं," वहिनी म्हणाल्या, "म्हणून सगळ्यांना काकडी घातली." मग परीक्षकबाईंचा हात धरून त्यांनी त्यांना शेजारच्या, मागच्या बक्षिसाच्या फोटोपाशी नेलं. तिथे कोपऱ्यातल्या दगडावर एकच पिवळी गोगलगाय बसली होती, डावीकडे वळलेली.