मीठ-मोहऱ्या

लोणावळ्याजवळच्या त्या टीव्हीवरच्या स्पर्धेच्या घरात आमच्या कुरवंडे गावची तेजलच जिंकणार, असं सगळे म्हणत होते. तशात एकदा जेवताना ती मणिपूरच्या थोइबीला म्हणाली, "ए चिनी, भात सरकव इकडं." सगळे हसले. थोइबी ताटावरून उठून गेली. "गंमत केली. त्यात माफी कसली मागायची?" असं तेजल म्हणाली, तेही गावानं टीव्हीवर पाहिलं.

पुढच्या आठवड्यात घरची माणसं भेटायला गेली. भेट चालू असताना स्पर्धकांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं, जो हलेल तो अंतिम फेरीतून बाद, असा तिथला नियम.

तेजलची आई, आक्काबाई, पदराच्या गाठीला मीठ-मोहऱ्या बांधून आत आली. आता ती लेकीची दृष्ट काढणार, असं सगळ्यांना वाटलं. पण ती लेकीच्या पुढून गेली आणि थोइबीसमोर थांबली. थोइबीच्या घरून कुणीच आलं नव्हतं.

"घाबरू नगं, बये. तुला लय वाईट नजर लागलीया," असं म्हणत आक्काबाई तिच्यावरून मूठ उतरवू लागली. "आल्यागेल्याची, दारच्याची, घरच्याची..." तिनं लेकीकडं पाहिलं. "माज्या तेजूच्या जिभेची."

थोइबीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती हलली नाही.

हलली ती तेजल. थोइबीजवळ येऊन तिनं आईपुढं हात पसरला.

"दे ती मूठ, आई. माझ्या जिभेची मीच काढते."