धोंडीरामचा उपास

"तेवढी तसबीर उतरवून ठेवा, बाई," धोंडीराम दलाल म्हणाला. "गिऱ्हाईक रिक्षातून उतरतंय."

विमलाबाईंना वाटलं, आपलं काहीतरी ऐकण्यात चुकलं. बुद्ध आणि बाबासाहेबांची ती तसबीर त्यांच्या नवऱ्यानं, सावळीरामनं लावली होती. गंगापूर रोडच्या या घरात सामान यायच्या आधी ती आली होती. सावळीराम जाऊन वर्ष झालं. गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून विमलाबाई आता लेकीकडे नामपूरला निघाल्या होत्या आणि घर विकायला काढलं होतं.

त्या काही बोलणार, तोवर धोंडीरामनं चपला काढल्या, स्टुलावर चढून दोन्ही हातांनी तसबीर उतरवली, रुमालानं पुसली आणि कपाटावर उंच नेऊन ठेवली. विमलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याच घरात चोरासारखं राहायचं?

गिऱ्हाईक आलं. चारी खोल्या फिरलं, शेवटी आडनाव विचारलं. पुढं केलेल्या पाण्याला त्यानं हात लावला नाही.

"आत्ताच चहा झालाय."

पेला धोंडीरामपुढं आला.

"माझा उपास आहे, बाई."

दोन महिन्यांत तो सहा गिऱ्हाइकं घेऊन आला आणि सहाही वेळा त्याचा उपासच होता. पाणीसुद्धा चालत नाही असा उपास कशाचा असतो, हे न कळण्याइतक्या विमलाबाई दूधखुळ्या नव्हत्या.

त्या रविवारी त्यांनी ठरवून टाकलं. दलाल नको. फाटकाला आपणच पाटी लावायची. तसबीर भिंतीवर राहील आणि जो आपल्या हातचं पाणी पिईल त्यालाच घर. मग वर्ष लागलं तरी बेहत्तर.

सोमवारी सकाळी त्या गिऱ्हाइकांसाठी त्याच्याकडे दिलेली घराची दुसरी किल्ली परत मागायला त्याच्या घरी गेल्या. दारावर पाटी होती, 'धोंडीराम कळवणकर, घरे व प्लॉट'. तो कामाला बाहेर पडला होता. बायकोनं, सुमनबाईनं, त्यांना लक्ष्मीच्या कॅलेंडरखाली खुर्ची दिली आणि पाणी आणलं.

"माझा उपास आहे," विमलाबाई म्हणाल्या. म्हणताना त्यांना बरं वाटलं. "मी किल्ली न्यायला आले. घर मी माझं मी विकीन."

"का हो बाई? काही चुकलं का त्यांचं?"

"तुमच्या मालकांना आमचं पाणी चालत नाही. आमची तसबीर गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू द्यायची नाही म्हणतात. माझ्या नवऱ्यानं लावलीय ती. मी असेतो ती उतरणार नाही. ज्याला लाज वाटते, त्यानं माझ्या दारात येऊ नये."

पेला सुमनबाईच्या हातातच होता.

मग तिनं तो खाली ठेवला, जाऊन दाराला आतून कडी घातली आणि भिंतीवरचं लक्ष्मीचं कॅलेंडर उतरवलं. मागं बुद्ध आणि बाबासाहेबांची तशीच तसबीर होती, आणि तिच्या चौकटीत सकाळचं ताजं फूल खोचलेलं होतं.