घरच्या घरी टायमिंग चेन

बंगल्याच्या गॅरेजात इंजिन कप्पीला लटकत होतं आणि दाजी त्याच्याखाली वाकून शिव्या घालत होते. शिव्या सभ्य होत्या. शेजार चांगला होता.

"ती यायच्या आत हे पुन्हा आत बसलं पाहिजे," मेहुणा म्हणाला.

"रविवारी येतेय. माहीत आहे मला."

"आणि लवकर आली तर?"

"तर तू मागच्या दाराने पळ. माझे गुडघे गेलेत, मी इथेच शरण जातो."

गाडी लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकून बसलेली. चालू केली की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा. दाजींनी तो ऐकताक्षणी ती बंद केली होती. टायमिंग चेन सैल झाली होती. ती चाकाच्या दातावरून घसरली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन भंगारात जातं. बनवणाऱ्याने ही चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला बसवली होती, जिथे हात पोचत नाही. हात पोचायला अख्खं इंजिन उतरवावं लागतं. दाढ काढायला मुंडकं उतरवण्यातला प्रकार.

"सोडून द्या ना दाजी. दुसरी बघू."

"तुझ्या बहिणीच्या वेळीही मला लोक हेच सांगत होते. मनात भरली की भरली."

शेजारी नुकतेच भाड्याने राहायला आलेले निवृत्त मास्तर रोज भिंतीवर कोपरं टेकून देखरेख करत. त्यांना दुसरं काम नव्हतं आणि हेही कुणी दिलेलं नव्हतं.

"गॅरेजला का देत नाही?" त्यांनी विचारलं.

"गॅरेजवाले फार प्रश्न विचारतात," दाजी म्हणाले.

"गाडी मात्र झकास हं!"

"बरेच दिवस नजर होती."

"वहिनींना पसंत आहे हा उद्योग?"

"तिला अजून पत्ताच नाही."

मास्तर खूश झाले. "मीही एकदा बायको माहेरी असताना घराला रंग दिला होता. तिने आल्याआल्या तो बघितला आणि तशीच परत माहेरी गेली."

मेहुणा चहा करायला आत गेला. बराच वेळ कपाटं उघडल्या-मिटल्याचे आवाज येत राहिले.

"साखर सापडत नाही!"

"मला काय विचारतोस? मी कधी पाऊल टाकलंय त्या स्वयंपाकघरात?"

"आमच्याकडेही तेच," मास्तर म्हणाले. "घर बायकांचं. आपण पाहुणे."

चहा बिनसाखरेचाच आला. पिऊन झाल्यावर मेहुण्याने कप धुतले, पुसले आणि होते त्याच खिळ्यांवर, दांड्या त्याच बाजूला करून अडकवले. खिडकीतून हे बघताना मास्तरांना वाटलं, बाई कडक दिसते.

शनिवारी नवी चेन चढली. दाजींनी इंजिन हाताने फिरवून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. वरच्या चाकाची खूण जागेवर येत नव्हती. चेन एका दाताने चुकली होती.

"पुन्हा खोल," ते म्हणाले.

"दाजी! उद्या रविवार! एका दाताने काय होतंय?"

"रस्त्यात बंद पडलो तर काय होईल ते सांग आधी."

मेहुण्याने पाना उचलला.

रविवारी सकाळी इंजिन गाडीत बसलं. दाजींनी डोळे मिटून ते चालू केलं. खिळ्यांचा आवाज नव्हता. पोटभर जेवलेल्या मांजरासारखी गाडी घुरघुरत होती. दाजींनी डोळे पुसले, मग त्याच फडक्याने बॉनेट पुसलं. दोघांनी गॅरेजची फरशी साबणाने घासली, तेलाचा एक डागही ठेवला नाही, कप्पी सोडून बाहेर उभ्या आपल्या टेम्पोत टाकली. दाजी गाडीत बसले, मेहुणा टेम्पोत.

"लांब निघालात?" भिंतीवरून मास्तरांनी विचारलं.

"जरा मोकळ्या रस्त्यावर बघतो कशी पळते ती."

"वहिनींना आणायलाच जा की हिच्यातून! चकित होतील."

"त्याशिवायही होतील," दाजी म्हणाले आणि त्यांनी काच वर केली.

मास्तर कोपऱ्यावर गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले. इतकं नीटस काम त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

दुपारी टॅक्सी थांबली. बाई बॅग घेऊन उतरली. मास्तर भिंतीशी तयारच होते.

"या वहिनी! मी शेजारी नवीन. आधीच सांगतो, रागावू नका. यजमानांनी घरच्या घरी इंजिन उतरवून चेन बदललीय! नवऱ्यांच्या जातीत असं काम मी पाहिलं नाही. सकाळीच गेलेत, फेरी मारायला."

बाईने उघड्या गॅरेजकडे पाहिलं. फरशीत तोंड दिसत होतं.

"कुणाचे यजमान?" तिने विचारलं.