गोठणबिंदू

आसामातलं जाड खनिज तेल थंडीत नळात गोठतं, ते वाहतं कसं ठेवायचं यावर उत्तमचं चार वर्षं संशोधन चाललं होतं. चौऱ्याहत्तर साली, आई गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, तो गावी, मेडशीला आला. सकाळी थंड पाण्यानं आंघोळ करून त्यानं कोनाड्यातली खोबरेलाची बाटली तळहातावर उलटी केली. थेंबही पडला नाही. तेल पांढरं, घट्ट झालं होतं.

"भेसळ करून राह्यला तो मालेगावचा दुकानदार," त्याचे वडील जानराव म्हणाले. "एस्टीनं जाऊन दोनदा बदलून आनलं. भांडलो त्याच्यासंगं. तरी तेच!"

"भेसळ नाही, बाबा. चोवीस डिग्रीच्या खाली खोबरेल गोठतेच. दर हिवाळ्यात गोठते."

"आपल्या घरात नाही गोठत. तुही माय होती तवा याच दुकानातलं तेल होतं. एक दिवस गोठलं नाही."

उत्तम हसला. "आमच्या नळातलं तेलही असंच हाये, बाबा. कोनी तरी सारखं तापवत राह्यलं, तरच..."

बोलता बोलता तो थांबला. चुलीच्या कडेला, सारवलेल्या मातीत, तेल मुरून काळा पडलेला एक गोल डाग होता. बाटलीच्या बुडाएवढा.

जानरावांनीही तो पाहिला. त्यांनी बाटली नेऊन बरोबर त्या डागावर ठेवली, आणि तेल पातळ व्हायची वाट पाहत दोघं तिथंच बसले.

चूल पेटवायला हवी, हे बराच वेळ कुणाच्याच ध्यानात आलं नाही.