बिनखिळ्याचे जोडे

या, जरा जवळ सरकून बसा. दारातल्यांनीही आत या. एका जोडे करणाऱ्याची गोष्ट सांगायची आहे, आणि ती अर्ध्यात उठून जाणाऱ्यांसाठी नाही.

तर हा कारागीर ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसला होता आणि समोर बुवांचं कीर्तन रंगात आलं होतं.

बायकोनं ओढून आणलं होतं. "लांबून आलेत ते. असा गळा पुन्हा ऐकायला मिळायचा नाही. चला मुकाट्यानं," ती म्हणाली होती.

गळा खरंच तसा होता. बुवा शास्त्रातली कथा गात, मध्येच थांबून समजावून सांगत, पुन्हा गात. आणि डावा बूट फळीवर आपटून ताल धरत.

कारागिराची नजर आधी त्या बुटांवरच गेली. सवयच ती. काळेभोर, चकाकणारे, पायाला बेतून बसलेले. 'मोठ्या दुकानातले दिसतात,' तो मनात म्हणाला, आणि जरासा जळलाही.

कारण जोड्यांच्या बाबतीत तो कुणाला मोजत नसे. गावाबाहेरच्या इस्पितळामागे त्याची खोली होती. कुष्ठातून बरे झालेल्यांचे जोडे तिथं होत. रोग जाई, पण पायांचा बधिरपणा मागे राही. अशा पायात खिळा घुसला तरी माणूस दिवसभर चालत राहतो, त्याला पत्ताच नसतो. म्हणून याच्या जोड्यात एकही खिळा नसे. सगळी शिवण हाताची, आत मऊ रबर. जोडा तयार झाला की स्वतःचा हात आत घालून कोपरा न् कोपरा चाचपायचा, मगच द्यायचा.

नावं त्याला कुणी सांगत नसे आणि तो विचारतही नसे. इस्पितळातून कागदावर पेन्सिलीनं काढलेला पाय यायचा, त्यावर नंबर. सातव्याच्या टाचेला खड्डा. एक्केचाळिसाव्याच्या डाव्या पायाला दोन बोटंच नाहीत. तिथं तो नमदा, म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर, भरायचा, म्हणजे वरून पाय धडधाकट दिसावा. जोड्याच्या जिभेआड लाल दोऱ्याचा एकच टाका घालायचा. तेवढीच त्याची सही.

"माझा जोडा घालून माणूस भर बाजारात गेला ना, तरी कुणी वळून बघणार नाही," तो छाती फुगवून बायकोला सांगे.

"कळलं हो डॉक्टरसाहेब. आता जेवा," ती म्हणे.

आज कथा प्रभूनं बरे केलेल्या दहा कुष्ठ्यांची होती.

"कुष्ठ म्हणजे पापाचं चित्र!" बुवांनी सूर वर नेला. "आधी एवढासा डाग. दुखत नाही, खुपत नाही; माणूस तो बाहीखाली झाकतो. मग येतो बधिरपणा. आणि मग गावाबाहेरची वाट!"

पुढच्या बाकावरच्या एका बाईनं हळूच पाय बाकाखाली ओढून घेतले. तिच्या पायात गेल्याच महिन्यात शिवलेले त्याचे जोडे होते.

कारागीर ताडकन उठला आणि बाहेर पडला.

पायरीवर बसून तो धुमसत राहिला. आत पेटी वाजत होती, सूर आता हळवा झाला होता. त्यानं कान दिला नाही. बुवांचे शेवटचे शब्द तेवढे दारातून ऐकू आले.

"घरी प्रार्थनेला बसाल, तेव्हा मला चालता ठेवणाऱ्याची आठवण ठेवा."

सगळे एका आवाजात "आमेन" म्हणाले.

बायको डोळे पुसत बाहेर आली. तिच्या हातात हात घालून ती पुढच्या बाकावरची बाई, चक्क हसत.

"अहो, अर्ध्यात कुठं उठलात? पुढं त्यांनी..."

"पुढचं नको मला. झालं तेवढं पुरे झालं," म्हणत तो तडक बाजूच्या खोलीत शिरला.

बुवा खुर्चीत बसून चहा घेत होते.

"गळा देवानं दिलाय तुम्हाला," कारागीर उभ्यानंच म्हणाला, "पण आज त्या गळ्यानं माझ्या माणसांना पापी ठरवलंत. एका बाईनं पाय लपवले, बघितलंत? ते कडवं पुन्हा गाणार नाही असं कबूल करा. नाहीतर जिथं जाल तिथं येऊन मध्येच उभा राहीन."

"दाराजवळून उठलेले तुम्हीच का?" बुवा रागावले नाहीत. "मग उरलेलं ऐकलंच नाहीत. मी पुढं म्हटलं, अंगावर पडतो तो डाग नुसता रोग. दुसऱ्याचं दुखणं कळेनासं होतं, ते पाप. आणि त्या बधिरपणानं आपण सगळेच आजारी. प्रभूपुढं सगळेच रांगेत."

कारागिराला ते मनातून पटलं. पण ताठ मान अशी लगेच वाकते होय?

"गायला सोपं आहे, बुवा. बधिर पाय काय असतो, हे तुम्हाला काय ठाऊक? मी वीस वर्षं बिनखिळ्याचे जोडे शिवतोय."

बुवांनी कप खाली ठेवला. "बिनखिळ्याचे?"

"एकही खिळा नाही. शोधून दाखवा."

बुवांनी त्याच्या हातांकडे बघितलं. मग वाकून त्यांनी डाव्या बुटाची नाडी सोडली आणि बूट त्याच्यापुढे धरला.

सवयीनं कारागिराचा हात आत गेला, खडा-काटा चाचपायला. बोटांना मऊ रबर लागलं. मग पार टोकाशी, दोन बोटांच्या जागी, घट्ट भरलेला नमदा. त्यानं जीभ उलटली. काळं पॉलिश तिथवर पोचलं नव्हतं. लाल टाका होता.

"एक्केचाळीस नंबर," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"हो," बुवा म्हणाले. "आता नाव सांगा तुमचं. पंधरा वर्षं लोकांना नुसतंच सांगत आलोय, मला चालता ठेवणाऱ्याची आठवण ठेवा."