पराग सरांचा जुना विद्यार्थी

श्रीकांत साहेबांनी स्कूटर बरोबर भगवंतच्या पंक्चरच्या दुकानासमोर उभी केली आणि चाकात हवा भरायला सांगितली. चाकं चांगली टणक होती. भगवंतने तरीही पंपाची नळी लावली. हा माणूस हवेसाठी आलेला नाही, हे त्याला स्कूटर स्टँडवर लागायच्या आधीच कळलं होतं.

"भगवंतराव, एक विचारायचं होतं," साहेब म्हणाले.

राव! राखोलीच्या धाग्याच्या कारखान्यात पाच वर्षं याच माणसाने 'ए भगवंत' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. शेवटच्या दिवशी तर तीही नाही, नुसतं बोट. गेटवर सगळी शिफ्ट उभी असताना भगवंतचा डबा उघडून भाजी जमिनीवर ओतायला लावली होती, आत तांब्याची तार सापडते का बघायला. तार सापडली नाही. नोकरी मात्र गेली ती गेलीच. महिन्याभराने खरा चोर सापडला, स्टोअरमधलाच निघाला, पण साहेबांनी एका शब्दाने कळवलं नाही. ती भाजी त्याच्या बायकोने, चंदाने, पहाटे उठून केली होती. भगवंत एक वेळ नोकरी विसरला असता, पण मातीतली ती भाजी काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

आता साहेबांचं काम असं होतं. कारखान्याने त्यांनाही घरी बसवलं होतं. नोकरी सुटताना हातात आलेला सगळा पैसा ते पराग सरांच्या हवाली करणार होते. हे सर दर रविवारी मुंबईहून सिल्वासाला येत, बसस्टँडजवळच्या हॉलमध्ये शेअर बाजार शिकवत आणि शिकणाऱ्यांना शेअर घेऊनही देत. आज अकरा वाजता नवी बॅच सुरू व्हायची होती. चेक साहेबांच्या खिशातच होता. फक्त बायको ऐकत नव्हती, आधी कुणाला तरी विचारा म्हणत होती. तर सरांनीच म्हणे सांगितलं, किलवणी फाट्यावर माझा जुना विद्यार्थी आहे, ब्याण्णवच्या बॅचचा, शेअरच्या पैशातून दुकान टाकलंय त्याने, खुशाल विचारा.

भगवंतला हसू आलं, ते त्याने पंपाकडे बघत गिळलं. दुकान टाकून दिलं होतं चंदाच्या भावाने. शेअरमध्ये गेली होती ती घर बांधायला घेतलेली जागा, आणि ती अशी गेली की शरमेने त्याने कुणाला सांगितलंच नाही. दुकान शेअरवर उभं राहिलं असं लोक म्हणाले, तर यानेही म्हणू दिलं. चारचौघांत तेवढाच रुबाब. पण त्या वेळचं शेअर सर्टिफिकेट घरातल्या पेटीत अजून होतं. त्याच्या मागच्या बाजूला, भगवंतच्या नावाच्या वरच्या ओळीत, आधीच्या मालकाचं नाव टाइप केलेलं होतं. कीर्ती, आणि पुढे सरांचंच नाव नि आडनाव. सरांची बायको. रविवारी वर्गात सर जो शेअर घ्या घ्या म्हणत, तो सोमवारी त्यांच्याच घरातून विकला जायचा आणि शिकणाऱ्यांच्या गळ्यात पडायचा. पेटी उघडून हे दाखवायला दोन मिनिटं लागली नसती.

"माणूस भरवशाचा आहे ना?" साहेबांनी विचारलं. "खरं सांगा. माझ्याकडे दुसरं काही नाही."

दुकानामागच्या खोलीच्या दारात चंदा येऊन उभी राहिली होती. तिला सगळंच ठाऊक होतं, सर्टिफिकेटही आणि गेटही.

भगवंतने नळी काढली, हात पुसले. या माणसाला दोन वर्षं तो मनातल्या मनात नाही नाही ते बोलला होता. त्यातलं आज काहीच लागणार नव्हतं. गोड बोललं की झालं. आणि का लपवा, त्या क्षणी त्याला फार बरं वाटलं.

"डोळे मिटून जा साहेब," तो म्हणाला. "असा माणूस शोधून मिळायचा नाही. आणि सगळे द्या. मागे काही ठेवू नका."

साहेबांचा चेहरा सैल झाला. ते हवेचे पैसे देऊ लागले, भगवंतने घेतले नाहीत. त्यांनी किक मारली, स्कूटर सुरू झाली, तरी ते निघेनात. हँडलकडे बघत म्हणाले, तारेचा चोर सापडला तेव्हाच यायला हवं होतं. दोनदा या फाट्यापर्यंत येऊन परत गेलो. तोंड दाखवायला जागा नव्हती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो ना भगवंतराव, तर खरं सांगितलं नसतं."

आणि गेले.

भगवंत पंप धरून तसाच उभा राहिला. याच शब्दांची त्याने दोन वर्षं वाट पाहिली होती. मेल्याने पाच मिनिटं आधी तोंड उघडलं असतं तर! त्याला साहेबांचा आधी आला नव्हता इतका राग आला.

"हाक मारा त्यांना," चंदा म्हणाली.

"मारतो."

स्कूटर अजून समोरच होती. रस्ता उखडलेला, साहेब खड्डे चुकवत सावकाश चालले होते. एका बैलगाडीला वाट द्यायला तर थांबलेसुद्धा.

"अहो, जातील ते. मारा ना हाक."

"मारतो म्हटलं ना."

स्कूटर सागाच्या झाडांपलीकडे वळली. फटफट हळूहळू कमी होत गेली आणि मग ऐकू येईनाशी झाली. तेव्हा भगवंतने पंप खाली ठेवला, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून घसा फुटेस्तोवर हाक मारली.