वेशीजवळचं पहिलं घर

दारावर थाप पडली तेव्हा नागेश शनिवारचा निवांत चहा घेत बसला होता. त्यानं आधी टीव्हीचा आवाज बंद केला, मग टीव्हीच बंद केला आणि चवड्यांवर चालत दाराशी गेला. घरात टीव्ही असला की इथं जर्मनीत फी भरावी लागते आणि न भरणाऱ्यांना पकडायला माणसं दारोदार फिरतात, हे ज्ञान हायडेलबर्गच्या ऑफिसातल्या समस्त पुणेकरांनी त्याला पहिल्याच आठवड्यात दिलं होतं. फी त्यानं अर्थातच भरली नव्हती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मीनल स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कोण आहे रे?"

त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि दाराच्या भिंगाला डोळा लावला.

फीवाला नव्हता. दाराची चौकट धरून एक माणूस पायरीवर उभा होता. डोक्याला फडकं गुंडाळलेलं आणि ते लालभडक झालेलं. सदऱ्यावरही लाल डाग. मान खाली, चेहऱ्यावर काजळी. भिंगात त्याच्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. नागेशची पाचावर धारण बसली.

"रक्त आहे गं," तो कुजबुजला. "कुणीतरी मारलंय त्याला."

"मग उघड ना!"

"वेडी आहेस का? पोलीस येणार, जबाब घेणार. पुढच्या महिन्यात व्हिसा रिन्यू करायचाय आपला. नसती ब्याद कशाला ओढवून घ्यायची?"

"अरे, पण माणूस आहे तो."

"गल्लीत आपलं एकच घर आहे का? दुसरं कुणीतरी उघडेल."

दुसरी थाप पडली. "वासर," बाहेरचा माणूस म्हणाला. "बिट्टे, वासर."

"पाणी मागतोय," मीनल म्हणाली. तेवढं जर्मन दोघांनाही येत होतं.

नागेशच्या आईनं पोस्टमनलासुद्धा कधी पाणी विचारल्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं. ते त्याला नेमकं आता आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. तरी कडीवरचा हात काही हलला नाही. हात कडीवर होता तो ती उघडायला नव्हता, मीनलनं उघडू नये म्हणून होता.

तिसरी थाप दाराच्या खालच्या अंगाला पडली. माणूस बसला असावा. मग सगळं शांत झालं. आता तो उठेल, जाईल, म्हणून नागेश पावलांचा कानोसा घेत राहिला. पावलं वाजली नाहीत. मीनल आतून पाण्याचा ग्लास घेऊन आली, तिनं त्याला खांद्यानं बाजूला सारलं आणि दार उघडलं.

बाहेर जूनमधलं लख्ख ऊन होतं. पायरीवर तो माणूस बसला होता आणि समोरच्या भिंतीला लागून अख्खी गल्ली उभी होती. कोपऱ्यावरचा बेकरीवाला, शाळेतल्या बाई, पोरंसोरं, सगळ्यांच्या हातात पाव नाहीतर पाण्याचे तांबे, आणि कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. माणसानं मनगटानं कपाळ पुसलं. बाहीला रंग लागला. समोरच्या घरातले म्हातारे हेर फोगेल, म्हणजे फोगेलसाहेब, होते ते.

शाळेतल्या बाई पुढे आल्या. त्यांनी इंग्रजीत सांगितलं ते असं. राजाविरुद्ध बंड झालं त्या १८४९ साली या गावानं आपली पोरं ढोल वाजवत लढायला धाडली होती. लढाई हरली. जखमी पोरं या वेशीतून परत आली, त्यांच्या मागोमाग राजाच्या मदतीला आलेली प्रशियाची फौज. गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. एक जण याच पायरीवर पाणी मागता मागता गेला. तेव्हापासून दर वर्षी या दिवशी गावातलं कुणीतरी जखमीचं सोंग घेऊन वेशीपासून दारादारावर थाप देत जातं, आणि प्रत्येक घर दार उघडतं. पहिलं घर हे.

"यांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं?" बाईंनी हेर फोगेलकडे बोट दाखवत विचारलं.

"सांगितलं होतं," हेर फोगेल म्हणाले. "हे गेनाऊ म्हणाले होते."

म्हणाला असेल. हेर फोगेल कुंपणापाशी भेटले की बराच वेळ बोलत आणि नागेश अधूनमधून 'या', 'गेनाऊ', म्हणजे 'हो', 'अगदी बरोबर', म्हणत मान डोलवी. समजलं नाही असं म्हणायला जीभ रेटत नसे.

मीनलनं ग्लास पुढे केला. म्हाताऱ्यानं सगळं पाणी पिऊन तो तिच्या हातात दिला, "डांके" म्हटलं आणि मग नागेशकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. नागेशला समजेल अशा सोप्या, सावकाश जर्मनमध्ये त्यांनी विचारलं, "थाप ऐकू आली नाही?"

गल्ली वाट पाहत होती. मीनल ग्लासाकडे बघत राहिली.

"नाही," नागेश म्हणाला. "आम्ही आत होतो. स्वयंपाकघरातला पंखा चालू होता. खरंच ऐकू आलं नाही."

हेर फोगेलनी मान हलवली. मीनलच्या खांद्याचा आधार घेऊन ते उठले आणि पुढच्या घराकडे वळता वळता थांबले.

"तेव्हा या घरात माझे पणजोबा राहायचे," ते म्हणाले. "तेही मरेपर्यंत हेच सांगत होते."